मार्चिंग ऑडिशनसाठी सराव नेमका कुठल्या वाद्यावर करावा?

रानवारा
नमस्कार. मुक्काम फ्रीमाँट, अमेरिका. मुलगी अकरावीत, शाळेच्या बँडमध्ये डबल फ्रेंच हॉर्न वाजवते. हिवाळ्यात ड्रम कोरच्या (पितळी वाद्यं आणि ड्रम घेऊन मैदानात चालत वाजवणारा संघ) ऑडिशनला बसायचं तिच्या मनात आहे. तिथे फ्रेंच हॉर्नच्या जागी बहुतेक मेलोफोन असतो, एवढं कळलं. मग आतापासून मेलोफोन विकत घ्यावा, भाड्याने आणावा, की हॉर्नवरच तयारी करून जावं? ऑनलाइन तीन जुने मेलोफोन दिसताहेत, त्यातला एक फारच स्वस्त आहे, पण त्याला दोनच व्हॉल्व्ह (बोटांनी दाबायच्या कळा) आहेत. धाकटा ट्रॉम्बोनवाला आहे, त्यालाही पुढच्या वर्षी बॅरिटोन वाजवायचाय. आणि आम्ही अपार्टमेंटमध्ये राहतो, भिंती कागदाच्या. जाणकारांनी सांगावं.

काळीपाच
दोन व्हॉल्व्हवाला घेऊ नका. कारण खाली कोणी ना कोणी लिहीलच, नाहीतर मी लिहितो.

आधी पॅकेट उघडा. प्रत्येक कोर आपलं ऑडिशन पॅकेट देतो. त्यात श्वासाचे व्यायाम, लांब सूर, लिप स्लर (बोटं न हलवता ओठांनी सूर बदलणं), टंगिंग (जिभेने सूर तोडणं), एखादं कोराल (संथ, एकत्र वाजवायची धून) आणि शोमधल्यासारखा तुकडा असतो. कुठल्या वाद्यावर ऑडिशन चालेल हेही तिथेच लिहिलेलं असतं. काही ठिकाणी हॉर्नवाल्यांना हॉर्नवर वाजवू देतात, काहींना मेलोफोनच हवा असतो. हे न वाचता वाद्य घेणं म्हणजे आधी कुलूप आणि मग दार.

निवड झाली की उन्हाळ्यासाठी वाद्य बहुतेक कोर स्वतःच देतात, कारण अख्ख्या हॉर्नलाइनला एकाच कंपनीची, एकाच फिनिशची वाद्यं लागतात. (या मंडळींच्या तोंडी ‘हॉर्न’ म्हणजे कुठलंही पितळी वाद्य, त्यामुळे पॅकेट वाचताना गोंधळू नका.) माउथपीस (ओठांना लावायचा सुटा भाग) मात्र बहुधा ज्याचं त्याने आणायचं. तेव्हा पैसे घालायचेच असतील तर माउथपीसमध्ये घाला.

आणि फुकटातला मार्ग शाळेतच आहे. मार्चिंगचा हंगाम नोव्हेंबरात संपतो. त्यानंतर हॉर्नची मुलं कॉन्सर्ट बँडमध्ये परत फ्रेंच हॉर्न घेतात आणि शाळेचे मेलोफोन थेट उन्हाळ्यापर्यंत लॉकरमध्ये पडून असतात. बँड डायरेक्टरला विचारा. बहुतेक जण सही घेऊन घरी देतात.

पितळ्या
काळीपाच यांच्याशी बराचसा सहमत, पण एक मुद्दा वेगळा. पॅकेट परवानगी देत असेल तर तिने सूर आणि कोराल हॉर्नवर पक्के करावेत आणि मेलोफोनवर रोज वीस-पंचवीस मिनिटंच द्यावीत. दोन महिन्यांत नवं वाद्य आणि नवं माउथपीस घेऊन ओठ बसवायचे, आणि शिवाय पॅकेटही पाठ करायचं, यात तिन्ही गोष्टी अर्धवट राहतात. ऐकणारे आधी आवाजाचा पोत, मग सूर, मग लय ऐकतात. वाद्य कुठलं हे नंतर.

काळीपाच
पितळ्या, मी उलट सांगेन. पॅकेट मेलोफोन चालेल म्हणत असेल तर सप्टेंबरपासून मेलोफोनच मुख्य. कारण बोटं. दोन्ही वाद्यं एफची, दोन्ही लिहिल्यापेक्षा एका पंचमाने खाली वाजतात, म्हणून लोकांना वाटतं की नोटेशन सारखं तर सगळं सारखं. तसं नाही. हॉर्नची नळी साधारण बारा फूट, मेलोफोनची सहा. स्टाफच्या (नोटेशनच्या पाच रेघांच्या) तिसऱ्या रकान्यातला सी हॉर्नवर आठवा हार्मोनिक (बोटं तीच ठेवून नुसत्या ओठांनी निघणाऱ्या चढत्या सुरांतला एक), मेलोफोनवर चौथा. हॉर्नवर वरचे हार्मोनिक एकमेकांना खेटून असतात, नेम जरा चुकला की शेजारचा सूर. मेलोफोनवर ते लांब लांब असतात, त्यामुळे सूर सापडणं सोपं. पण हॉर्नवाल्याच्या ओठांना बारीक फरकाची सवय असते, म्हणून सुरुवातीला सूर पुरेसा उचलला जात नाही आणि खालचाच सूर फाटतो.

बोटांचं सांगायचं तर मधल्या सप्तकात बरंचसं जुळतं. ए दोन्हीकडे १-२ (म्हणजे पहिला आणि दुसरा व्हॉल्व्ह दाबून), बी दोन्हीकडे २. खाली मात्र बोंब. एफ हॉर्नवर पहिल्या रेघेवरचा ई मोकळा (एकही व्हॉल्व्ह न दाबता), मेलोफोनवर १-२. त्याच्या खालचा डी हॉर्नवर १, मेलोफोनवर १-३. शिवाय हॉर्नचे व्हॉल्व्ह डाव्या हाताने, मेलोफोनचे उजव्या, मेलोफोनला अंगठ्याचा व्हॉल्व्ह नाही आणि बेलमध्ये (वाद्याच्या पसरट तोंडात) हातही नाही. घाईच्या तुकड्यात बोटं जुन्या सवयीवर जातात, हे शेवटच्या पंधरा दिवसांत सुटत नाही. सगळ्या मेजर स्केल आणि क्रोमॅटिक, मेट्रोनोम ६० वर, दोन सप्तकं, रोज. महिनाभर.

पितळ्या
बोटांचं मान्य. ओठांचं नाही. :-) जिथे दोन्ही चालतं तिथे ज्यावर कोराल चांगलं होतं ते घेऊन जावं.

रानवारा
दोघांचेही आभार. हॉर्नचं माउथपीस मेलोफोनला बसवायचा अडॅप्टर मिळतो म्हणे. मग ओठ तेच राहतील ना?

पितळ्या
ओठ तेच राहतील आणि बाकी सगळं बिघडेल. मेलोफोनचा रिसीव्हर (माउथपीस बसवायची नळी) ट्रम्पेटच्या शँकचा (माउथपीसच्या दांड्याच्या मापाचा) असतो. हॉर्नच्या माउथपीसची रिम (ओठांना टेकणारी कड) पातळ, कप खोल आणि फनेलसारखा. अडॅप्टर लावला की आवाज दबतो, वरचे सूर एकमेकांशी जुळत नाहीत आणि मोठ्याने वाजवलं की मधेच फुटतो. घरात ऐकताना गोड वाटतं, मैदानात पोचत नाही.

ट्रम्पेटचं माउथपीसही बसतं, कारण शँक तीच. पण ट्रम्पेटचा उथळ कप मेलोफोनला पिचकारी बनवतो. आवाज पुढे येतो खरा, पण पातळ आणि तिखट. ट्रम्पेटची शँक पण खोल कप, असं मेलोफोनसाठीचं वेगळं माउथपीस घ्या. हॅमंडचं ५एमपी किंवा ६एमपी कोरमध्ये बरंच दिसतं. आकड्यांच्या मागे फार लागू नका. रिम तिच्या ओठांना टोचत नाही ना आणि वरचा जी दाबून काढावा लागत नाही ना, हे पाहा. फ्लूगलहॉर्नचं माउथपीस शँकला जुळत नाही, ते घेऊ नका.

एकदा घेतलं की ऑडिशनपर्यंत बदलायचं नाही. सहा-आठ आठवडे तेच.

तिसरीस्लाइड
दोन व्हॉल्व्हचा विषय राहिला म्हणून लिहितो. ते वाद्य बहुधा जी पट्टीचं ब्यूगल आहे. ड्रम कोरची सगळी पितळी वाद्यं पूर्वी जीची असायची. आधी एक व्हॉल्व्ह, मग दोन, १९९० मध्ये तीन व्हॉल्व्हना परवानगी मिळाली आणि २००० च्या हंगामापासून कुठल्याही पट्टीची वाद्यं चालू लागली. त्यानंतर जवळपास सगळे बी फ्लॅट आणि एफवर गेले आणि जुनी ब्यूगलं बाजारात आली. विकणाऱ्यालाही माहीत नसतं, तो ‘मेलोफोन’ किंवा ‘बॅरिटोन’ लिहून मोकळा होतो.

पेटीवर ओळखायचं असेल तर असं: मोकळ्या व्हॉल्व्हवरचा सी वाजवा. ट्रम्पेट किंवा बॅरिटोनचा सी म्हणजे काळी पाच. मेलोफोनचा सी म्हणजे पांढरी चार. पांढरी पाच आली तर जीचं ब्यूगल, नमस्कार करून परत या. संग्रहाला छान, तुमच्या पॅकेटला निरुपयोगी.

दुसरा सापळा म्हणजे जुना गोल मेलोफोन, दिसायला फ्रेंच हॉर्नसारखा, बेल मागे वळलेली. नाव मेलोफोन, पण मार्चिंगचा नव्हे. बेल समोर आणि व्हॉल्व्ह उभे, ट्रम्पेट फुगवल्यासारखा दिसतो तो आपला.

उरलेल्या दोनपैकी यामाहाचा वायएमपी-२०४एम किंवा किंगचा ११२१ असेल तर बघायला जा, सुटे भाग आणि दुरुस्ती दोन्ही सहज मिळतात. जाताना व्हॉल्व्ह ऑइल, माउथपीस आणि फोनवर ट्यूनर ठेवा.

पाहायचं काय? प्रत्येक व्हॉल्व्हची स्लाइड (सरकणारी नळी) व्हॉल्व्ह न दाबता थोडी बाहेर ओढा, दोन-तीन सेकंद थांबा, मग व्हॉल्व्ह दाबा. ‘पॉक’ असा आवाज आला तर हवा कोंडलेली होती, व्हॉल्व्ह घट्ट आहे. काहीच आवाज नाही तर हवा गळतेय. गळका व्हॉल्व्ह म्हणजे हळू सुरात फुसका आवाज आणि मोठ्या सुरात श्वास लवकर संपणं. नवीन प्लेटिंगशिवाय तो सुधारत नाही आणि प्लेटिंगला वाद्याच्या किमतीएवढे पैसे जातात.

मग व्हॉल्व्ह एकेक वरखाली करा, घासल्यासारखं वाटलं तर केसिंगवर (व्हॉल्व्हच्या बाहेरच्या नळीवर) बाहेरून पोचा आहे का बघा. बेलवरचे पोचे चालतात, मार्चिंगचं वाद्य म्हटल्यावर ते असणारच. केसिंगवरचा नाही. माउथपीसजवळची नळी उजेडात धरा, लॅकरखाली गुलाबी ठिपके आणि मधे काळा बिंदू दिसला तर पितळ आतून कुजायला लागलंय. सगळ्या स्लाइड हाताने निघतात का बघा, अडकलेली मुख्य स्लाइड ‘घरी गेल्यावर काढू’ म्हणून कधी निघत नाही. शेवटी व्हॉल्व्हवरचे नंबर केसिंगशी जुळतात का. पहिला तिसऱ्यात घातलेला असतो, हवाच पुढे जात नाही, आणि लोक वाद्य बिघडलं म्हणून निम्म्या किमतीत विकतात. तो तुमचा फायदा.

रानवारा
तिसरीस्लाइड, हे प्रिंट काढून नेणार. पेटीची युक्ती तर फारच आवडली, घरी आहे पेटी.

गोंधळी
मधेच विचारतो. डिसेंबरात पुण्याला चाललोय. मेरठची वाद्यं तिकडे बँडवाल्यांकडे असतात, स्वस्त पडतात. मेलोफोन किंवा युफोनियम तिकडून आणलं तर?

तिसरीस्लाइड
मेरठच्या जली कोठी भागात बँडची वाद्यं बनतात आणि देशभरच्या बँडवाल्यांकडे तिथली बरीच असतात. वाजवण्याचीही बनतात, शोभेचीही बनतात, आणि फोटोत दोन्ही सारखीच चकाकतात. प्रश्न वेगळाच आहे. व्हॉल्व्हचं, स्प्रिंगचं, फेल्टचं माप इथल्या सुट्या भागांशी जुळेलच असं नाही आणि इथली बरीच दुरुस्तीची दुकानं अनोळखी वाद्याला हात लावत नाहीत. आणायचंच असेल तर वरचा ‘पॉक’वाला प्रयोग दुकानातच करा, मोकळा सी आणि १-२-३ दोन्ही ट्यूनरवर बघा, आणि तुमचं माउथपीस रिसीव्हरमध्ये साधारण इंचभर आत जातं का ते तपासा. मिरवणुकीत दहा जणांच्या गलबल्यात वीस सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) इकडेतिकडे झाले तर चालून जातं. ऑडिशनच्या खोलीत एकटं असताना नाही.

डावाखांदा
ट्रॉम्बोनवाल्या धाकट्याचं मी सांगतो.

ट्रॉम्बोन २०१४ पासून ड्रम कोरमध्ये चालतो, काही कोर वापरतातही, पण बहुतेक ठिकाणी जागा बॅरिटोन आणि युफोनियमच्याच जास्त. बोटं शिकायला सोपी, कारण ट्रॉम्बोनच्या स्लाइडच्या पोझिशन आणि व्हॉल्व्ह एकास एक जुळतात. पहिली पोझिशन मोकळी, दुसरी म्हणजे २, तिसरी १, चौथी १-२, पाचवी २-३, सहावी १-३, सातवी १-२-३. आठवड्यात बसतं. अडचण क्लेफची (कुठल्या रेघेवर कुठला सूर हे ठरवणाऱ्या खुणेची) आहे. कोरमध्ये बॅरिटोनचं नोटेशन पुष्कळदा ट्रेबल क्लेफमध्ये, बी फ्लॅटमध्ये लिहितात. म्हणजे लिहिलेल्या सुरापेक्षा एक सप्तक आणि एक सूर खाली वाजतं. पॅकेटात दोन्ही क्लेफ असतील तर आत्ता बेस क्लेफ घ्या, पण ट्रेबल आजपासून वाचायला लावा. उन्हाळ्यात उपयोगी पडेल.

माउथपीसचा घोळ इथे फार होतो. साध्या, एफ अटॅचमेंट (मागची जादा नळी) नसलेल्या ट्रॉम्बोनची शँक बहुधा बारीक, मोठ्या बोअरच्या (रुंद नळीच्या) ट्रॉम्बोनची जाड. बऱ्याच मार्चिंग बॅरिटोनचा रिसीव्हर बारीक शँकचा असतो. जाड शँक त्यात अर्धीच जाते आणि डुगडुगते. सूर उतरतो, आवाज अस्थिर होतो, आणि मुलगा समजतो की आपल्यालाच जमत नाही. उलट बारीक शँक जाड रिसीव्हरमध्ये गिळल्यासारखी खोल जाते. दोन्हीवर टेप गुंडाळणारे महाभाग असतात. नका करू. त्याच रिमचं दुसऱ्या शँकचं माउथपीस मिळतं, तेच घ्या.

सराव शाळेच्या कॉन्सर्ट युफोनियमवर केला तरी ओठ आणि बोटं तयार होतात. होत नाहीत ते दंड. युफोनियम मांडीवर असतं, मार्चिंग बॅरिटोन अडीच-तीन किलोचा, दोन्ही हात चेहऱ्यासमोर, आणि तो खाली येऊ द्यायचा नाही.

मेलोमनी
दंडांचा विषय निघाला म्हणून. ट्रम्पेट साधारण किलोभराचा, तरी सवय नसेल तर तीन मिनिटांत कोपर गळतात. मेलोफोनची बेल मोठी आणि समोर, म्हणून वजनापेक्षा तोल जास्त जाणवतो. वाद्य वर धरून, न वाजवता, दोन मिनिटं, एक मिनिट विश्रांती, असं तीनदा. दर आठवड्याला मिनिट वाढवा, दहापर्यंत. आरशासमोर करा. आधी मनगट वाकतं, मग खांदे कानाकडे चढतात, मग मान पुढे येते. मान पुढे आली की माउथपीस ओठांवर दाबला जातो आणि वरचे सूर जातात. म्हणजे दुखतो खांदा आणि बिघडतो ओठ.

उजव्या हाताची करंगळी हुकमध्ये अडकवायची सवय असेल तर आत्ताच सोडा. अनेक कोर ती हुकच्या बाहेर ठेवायला सांगतात, कारण हुक ओढला की माउथपीस ओठांवर येतो. शिवाय शंभर फुटांवरून सगळ्यांचे हात सारखे दिसायला हवेत.

ट्रम्पेटवाल्यांसाठी फार लिहायला नको: आपलाच बी फ्लॅट ट्रम्पेट घेऊन जा. ३सी किंवा ५सीच्या आसपासचं ज्यावर रोज वाजवता तेच माउथपीस. किंचाळणाऱ्या वरच्या सुरांसाठी उथळ माउथपीस घालून गेलात तर कोरालमध्ये पहिल्या चार मात्रांतच कळतं.

डावाखांदा
आणि काँट्रा? त्याबद्दल कोणी विचारलं नाही, पण धागा शोधत कोणीतरी येईलच.

काँट्रा म्हणजे खांद्यावरचा मार्चिंग ट्यूबा, बी बी फ्लॅट, नळी अठरा फूट, डाव्या खांद्यावर, बेल समोर. सूसाफोन अंगाभोवती गुंडाळलेला असतो, तो वेगळा, विद्यापीठांच्या बँडमध्ये तो जास्त. ऑडिशनला कॉन्सर्ट ट्यूबावर वाजवायला बरेच कोर परवानगी देतात आणि तुम्ही तेच करा. फुंक, सूर, मोठा आवाज, सगळं बसून तयार होतं. फक्त कॉन्सर्ट ट्यूबा सी पट्टीचा असेल तर बोटं वेगळी, तिथे बी बी फ्लॅट शोधा. काही ट्यूबा परिवर्तनीय असतात, माउथपीसची नळी बदलली की मांडीवरचा खांद्यावर येतो. शाळेत असा असेल तर हिवाळ्यात तोच घरी आणा. पण खांद्यावर ठेवल्यावर सूर थोडा बदलतो, म्हणून ट्यूनिंग स्लाइड पुन्हा जुळवून घ्या.

वजन नऊ-दहा किलोच्या पुढेच जातं. उचलताना गुडघे वाकवून, वाद्य अंगाजवळ, आणि कमरेतून वळायचं नाही. खांद्यावर घडी केलेला टॉवेल. काँट्रा मिळतच नसेल तर दोन किलोची पिशवी दोन्ही हातांनी डोळ्यांच्या उंचीला धरून मार्क टाइम (जागच्या जागी तालात पावलं टाकणं) करा. खांद्याला नाही, पण पाठीला सवय होते.

काळीपाच
आता अपार्टमेंटचं. म्यूट लावून सराव होतो, पण म्यूटमुळे मागचा दाब वाढतो आणि सूर चढतो. म्यूटवर ट्यूनर जुळवलात आणि म्यूट काढलात की सगळं उतरलेलं. म्हणून म्यूटवर फक्त बोटं आणि टंगिंग, लांब सूर आणि कोराल नाही. एकूण सरावाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त म्यूटवर नको. मेलोफोनला म्यूट घेताना बेलच्या आत तो नीट बसतो का हे वाद्य बरोबर नेऊन पाहा, बेलचं तोंड मोठं पण गळा अरुंद असतो. उरलेला वेळ शाळेची प्रॅक्टिस रूम किंवा पार्किंगच्या वरच्या मजल्यावर. प्लास्टिकच्या हलक्या ट्रम्पेटवर सराव करू नका. फुंकेचा प्रतिरोधही वेगळा आणि वजन तर नाहीच.

बाहेर थंडीत वाजवलं तर सूर उतरतो, दर अंश सेल्सिअसला साधारण तीन सेंट. दहा अंशांचा फरक म्हणजे तीस सेंट. तिथे ट्यूनिंग स्लाइड आत ढकलत बसण्यापेक्षा आधी पाच मिनिटं नुसती गरम फुंक वाद्यातून जाऊ द्या.

आणि ज्यांच्या घरी तानपुऱ्याचं ॲप आहे त्यांना फुकटची सोय. ट्रम्पेट-बॅरिटोनला काळी पाच, मेलोफोनला पांढरी चार, पंचमाची तार. त्यावर सोळा मात्रांचे लांब सूर. ट्यूनर डोळ्यांना शिकवतो, तानपुरा कानाला. पितळी वाद्याचा पाचवा हार्मोनिक, म्हणजे चौथ्या रकान्यातला मोकळा ई, पियानोपेक्षा १४ सेंट उतरलेला असतो. मुलं तो ओठांनी वर ओढत बसतात. पण तानपुऱ्यावर ऐका, सी षड्ज असेल तर तो आपला शुद्ध गंधारच आहे, जागच्या जागी. कोरालमध्ये तिचा सूर कॉर्डचा गंधार असेल तर तो तसाच राहू द्यायचा. तोच ई षड्ज किंवा पंचम झाला तरच वर घ्यायचा, ओठाने नाही जमलं तर १-२ बोटं लावून, ती थोडी चढी वाजतात. हे ज्याला खोलीत करता येतं त्याच्याकडे ऐकणारे मान वर करून बघतात.

खालचे डी आणि सी शार्प मात्र चढेच असतात, १-३ आणि १-२-३ची जोडणीच तशी. तिसरी स्लाइड डीला साधारण अर्धा इंच, सी शार्पला इंचभर बाहेर. थंडीत ग्रीस घट्ट होतं, स्लाइड बोटाने सरकत नसेल तर जाड ग्रीस पुसून पातळ तेल लावा.

तिसरीस्लाइड
तिसऱ्या स्लाइडचं नाव निघालं, मी धन्य झालो.

मेलोमनी
वाजवणं आणि चालणं एकत्र केव्हा सुरू करायचं हे कोणी लिहिलं नाही. पहिल्या आठवड्यापासून. नेहमीचं पाऊल म्हणजे पाच यार्डात आठ, साडेबावीस इंचांचं. घरामागे किंवा पार्किंगमध्ये पंधरा फुटांवर खडूच्या दोन रेघा मारा, आठव्या पावलाला रेघ पायाखाली यायला हवी. मेट्रोनोम १२० पासून, हळूहळू १६०-१८० पर्यंत. १८० ला पाऊल आपोआप आखडतं, रेघ लांब राहते, तिथेच पकडलं जातं.

एक चाचणी. फोन तीन मीटरवर ठेवा, बेलच्या अगदी समोर नाही, थोडा बाजूला. मधल्या जीवर सोळा मात्रा उभं राहून, मग त्याच सोळा मात्रा जागच्या जागी मार्क टाइम करत. दोन्ही ऐका. दुसऱ्यात प्रत्येक टाचेला आवाजात गचका येत असेल तर टाच जोरात आपटतेय आणि पोट सैल आहे. टाच मऊ ठेवा, पोट फुंकेखाली धरलेलं. मगच पॅकेटचा तुकडा.

व्हिडिओ पाठवायचा असेल तर चालण्याच्या भागात पाय ते वाद्याचं टोक सगळं चौकटीत हवं, एका टेकमध्ये, मधे कट नको. समोरासमोर ऑनलाइन ऑडिशन असेल तर झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ चालू करा. नाहीतर ते लांब सुराला पंख्याचा आवाज समजून पुसून टाकतं.

रानवारा
एवढं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं. शाळेतून मेलोफोन मिळाला, उद्या घरी येतोय. त्यात आधीच कोणाचं तरी माउथपीस घट्ट रुतून बसलंय. पक्कड लावू का?

तिसरीस्लाइड
अजिबात नको! पक्कडने पिळलंत की माउथपीसजवळची नळीच पिळते, आणि वाद्य शाळेचं. माउथपीस ओढायचं वेगळं स्क्रूचं यंत्र असतं, प्रत्येक बँडरूममध्ये किंवा वाद्याच्या दुकानात एक तरी असतंच, दोन मिनिटांचं काम. दुकानं बऱ्याचदा फुकट काढून देतात. निघाल्यावर शँक आणि रिसीव्हर दोन्ही साबणाच्या कोमट पाण्याने धुवा, आणि मुलीला सांगा, माउथपीस घालताना तळहाताने ठोकायचं नाही. नुसतं ठेवून पाव वळसा द्यायचा.